तेल पाजलेला क्यू

आमच्या घरात अकरा महिने राहून माझ्या सासऱ्यांनी कशालाही नाव ठेवलं नाही, आणि मला त्याचीच धास्ती वाटत होती. वरणात मीठ दोनदा पडलं तरी ‘चांगलं झालं’. गादी मऊ, पंखा जोरात, वरच्या मजल्यावरच्या लोकांना सारख्या खुर्च्या ओढायची सवय, तरी सगळं चांगलं. मी अमरावतीतच वाढले, राजापेठेत, शिक्षकाच्या घरात. आमच्याकडे जेवताना प्रत्येक पदार्थाचा पंचनामा व्हायचा आणि आई वाढता वाढता उलट उत्तरं द्यायची. कशालाच नाव न ठेवणारा माणूस पाहुणा असतो आणि पाहुणा आज ना उद्या उठून जातो, एवढं मला तेव्हापासून कळत होतं.

सासूबाई गेल्यावर ते मूर्तिजापूरजवळच्या गावी एकटेच राहिले. शेत पुतण्याकडे दिलं होतं, पण रोज सकाळी एक चक्कर व्हायचीच. एकदा विहिरीजवळ भोवळ येऊन पडले आणि दुपारी कोणी तिकडून जाईपर्यंत तसेच पडून राहिले. यांना आता एकटं ठेवू नका, असं डॉक्टरांनी बजावलं. नवरा जाऊन त्यांना घेऊन आला. पण ते आले तेच मुदत ठरवून. आधी म्हणाले, डोळ्याचं ऑपरेशन झालं की जातो. ते झालं, तर म्हणाले, संक्रांत झाली की जातो. नवरा म्हणे, तेव्हाचं तेव्हा बघू. मला तसं बघता येईना. ते पुन्हा विहिरीजवळ पडले आणि दुपारी कोणी गेलंच नाही तर, हे ऑफिसात फाइल उघडली तरी डोळ्यांसमोर यायचं.

बरं, समजूत घालायची तर कशी? माझ्याशी ते थेट बोलतच नसत. त्यांच्या पिढीत सासरा सुनेशी बोलायचा तो मुलामार्फत. मी समोर ताट घेऊन उभी असायची आणि ते नवऱ्याला सांगायचे, “तिले म्हन, मले पोळी पुरे.”

आता क्यूची, म्हणजे पूल खेळायच्या काठीची, गोष्ट. मी विमा कंपनीत आहे. आमच्या ऑफिसच्या रिक्रिएशन रूममध्ये एक पूल टेबल आहे. बायकांनी कॅरम खेळावा आणि पुरुषांनी पूल, असा नियम कोणी लिहिलेला नव्हता, पण पाळला जायचा. तिशी संपताना एका दुपारी मी कंटाळून स्टिक उचलली आणि पुढे ती सुटली नाही. मागच्या जानेवारीत अकोल्याला शाखांच्या स्पर्धा झाल्या, तिथे अकोल्याच्या एका साहेबांनी मला तीन-शून्य हरवलं. वर हात मिळवून म्हणाले, “मॅडम, छान खेळता. आता स्वतःची स्टिक घ्या.” बोलले चांगल्या मनाने, पण मला झोंबलं.

ऑफिसच्या स्टिका होत्याच तशा. चार होत्या, त्यातल्या तीन वाकलेल्या आणि चौथीची टीप, म्हणजे पुढचं चामड्याचं टोक, खिळ्याच्या डोक्यासारखं चपटं. दिवाळीला मी दहा हजार रुपये बाजूला काढले. एवढ्यात चांगला मिक्सर येतो, असं नवरा म्हणाला. मिक्सरने बॉल पॉकेटात जात नाही, असं मी म्हणाले.

महिनाभर मोबाइलवर व्हिडिओ पाहिले. वजन एकोणीस औंसांच्या आसपास हवं, टीप चामड्याची आणि माझ्या लहान हाताला बारा मिलिमीटरची, पुढचा भाग मेपलच्या लाकडाचा, मधला जोड धातूच्या स्क्रूचा. कागदावर सगळं उतरवून घेतलं. अमरावतीच्या दुकानांत क्रिकेटच्या बॅटी ढिगाने, कॅरम बोर्ड भिंतभर, आणि क्यू म्हटलं की दुकानदार माळ्यावरून धूळ झटकत एक अखंड काठी काढायचा. ती टेबलावर लोळवली की मधेच उड्या मारायची.

अकोल्याला जठारपेठेत पूल टेबलांचं कापड बदलून देणारे एक कारागीर आहेत, ते घराच्या पुढच्या खोलीत क्यू विकायला ठेवतात, असं कळलं. सासऱ्यांचं डोळ्याचं ऑपरेशन अकोल्यालाच झालं होतं आणि शेवटची तपासणी बाकी होती. म्हटलं, एका चकरेत दोन्ही कामं होतील. नवऱ्याला सुट्टी नव्हती. आम्ही दोघंच गेलो. जाताना ऐंशी-नव्वद किलोमीटरमध्ये ते दोनदा बोलले. एकदा “पेट्रोल हाये न?” आणि एकदा खिडकीकडे तोंड करून “कपाशी चांगली हाये.”

तपासणी झाल्यावर मी त्यांना कारागिरांच्या खोलीत स्टुलावर बसवलं आणि कागद बाहेर काढला. भिंतीला वीस-पंचवीस क्यू लावलेले होते. दहा हजार ऐकून कारागिरांनी त्यातले सहा टेबलावर ठेवले. त्यातला एक मला बघताक्षणी आवडला. मागचा दांडा निळाशार, त्यावर मोरपिसांची नक्षी, पकडायच्या जागी काळा दोरा गुंडाळलेला. वजन बरोबर, टीप बरोबर. मी दोन-तीन वेळा हवेतल्या हवेत मारून पाहिलं आणि पर्समध्ये हात घातला.

“इकडे द्या जरा,” सासरे कारागिरांना म्हणाले.

त्यांनी माझा निळा क्यू एका डोळ्यासमोर धरला, दुसरा डोळा मिटला आणि बंदुकीसारखी नजर लावून हळूहळू फिरवला. मग मागचं टोक फरशीवर अलगद आपटून कान दिला. मग पुढच्या भागाचं लाकूड उजेडात नेऊन नखाने एक रेष दाखवली. लाकडाची ती रेष वीतभर सरळ येत होती आणि मग तिरपी होऊन कडेला बाहेर पडत होती. “हे पाय,” ते म्हणाले. “रेष मधातच भाईर गेली. इथून वाकन हे.” सहाही क्यू त्यांनी तसेच तपासले. प्रत्येकाला मधोमध दोन बोटांवर तोलून धरलं. शेवटी एक निवडला. साधा, तपकिरी, नक्षी नाही, दोरा नाही. एखादं अवजार असावं तसा दिसत होता. पण त्याच्या लाकडाच्या रेषा या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ गेलेल्या होत्या आणि फरशीवर आपटला की आवाज एकसंध येत होता.

कारागीर बघतच राहिले. “काका, तुम्ही खेळता का?”

“नाई,” सासरे म्हणाले. “म्या कुऱ्हाडीचे दांडे बसोले.”

मी त्या निळ्या क्यूकडे एकदा पाहिलं. मन खट्टू झालं, खोटं कशाला सांगू. पण तपकिरी क्यू मी तिथल्या टेबलावर लोळवला आणि तो रुळावरून गेल्यासारखा गेला. साडेआठ हजारांना पडला, वर पिशवी फुकट मिळाली.

परतीच्या रस्त्यावर सासरे बोलायला लागले. तेही थेट माझ्याशी. धावड्याचा दांडा कसा चिवट असतो, तिवसाचा कसा हातात बसतो, बाभळीच्या लाकडाला कीड कधी लागते. ओलं लाकूड घेणारा माणूस कसा फसतो. मी मधूनमधून “हो का” एवढंच म्हणत होते, कारण ते थांबतील अशी भीती वाटत होती. बडनेरा आलं तरी ते थांबले नाहीत. घरी पोचल्यावर मात्र पाय धुतले, जेवले आणि म्हणाले, “चांगलं झालं.” पुन्हा पाहुणे झाले.

तरी काहीतरी हललं होतं. मी ऑफिसातून आल्यावर क्यू जेवणाच्या टेबलावर ठेवून हात सरळ न्यायचा सराव करायची, तर ते गॅलरीतून आत येऊन बसायचे. नुसतं बघायचे. कधी मी पाणी प्यायला गेले की क्यू उचलून नजरेखालून घालायचे आणि होता तसा ठेवायचे. मी नवऱ्याला म्हणाले, संक्रांतीचं ते विसरतील बहुतेक. नवरा म्हणाला, बाबा काही विसरत नाहीत.

स्पर्धा जानेवारीत, संक्रांतीच्या आधीच्या रविवारी होती. त्याआधीचे चार दिवस मला ऑफिसने ट्रेनिंगला नागपूरला पाठवलं. क्यू घरीच ठेवला. शनिवारी संध्याकाळी परत आले, चहा घेतला आणि पिशवीची चेन उघडली.

आधी वास आला. जवसाच्या तेलाचा. क्यू बाहेर काढला तर हाताला चिकटला. पुढचा भाग, जो बोटांवरून सरसर सरकायला हवा, तो पिवळट आणि चिकट. टीप काळी, फुगलेली, चकाकणारी. मी खडू घासून पाहिला. तेलकट चामड्यावर खडू बसेना, नुसता घसरायला लागला. खडू बसला नाही की टीप बॉलवरून निसटते आणि मार भलतीकडेच जातो.

सासरे दारात उभे होते. त्यांच्या चेहऱ्यावर मी कधी पाहिली नव्हती अशी खुशी होती. “चार दिस तेल पाजलं,” ते म्हणाले. “गच्चीवर उनात ठेवून. आता शंभर वर्षं तडकत नाही. समोरचं थे चामडंबी कोरडं पडलं होतं, त्यालेबी पाजलं.”

लाठीला तेल पाजतात, कुऱ्हाडीच्या दांड्याला पाजतात, कोरड्या पडलेल्या जोड्याला पाजतात. त्यांच्या जागी कोणीही वऱ्हाडी शेतकरी असता तर त्याने हेच केलं असतं. हे मला आज समजतं. त्या क्षणी मला फक्त उद्याची मॅच दिसत होती, आणि माझा राग कुणाला विचारून येत नाही.

“बाबा, हे काय करून ठेवलं तुम्ही? विचारायचं तरी मला!”

“काठीले तेल पाजाले काय इचारा लागते?”

“ही काठी नाही! याला तेलाचा थेंबही लागू द्यायचा नसतो. वाटोळं झालं याचं. उद्या काय घेऊन खेळू मी?”

नवरा आतून धावत आला आणि आमच्या दोघांच्या मध्ये उभा राहिला. अगं बाबांना काय माहीत, वगैरे सुरू झालं. त्याला बाजूला सारून सासरेच पुढे आले. त्यांचा आवाज एवढा मोठा आहे हे मला माहीतच नव्हतं.

“मंग सांगाचं होतं न! या घरात मले कोनी काई सांगते काय? बाबा बसा. बाबा आराम करा. बाबा, तुमी राहू द्या. मी का देव आहो का, बसवून ठेवाले? एक काम हातचं भेटलं होतं, थेबी चुकलं.”

मी क्यू पिशवीत घालून चेन लावली. पण बोलले ते बोलून बसले होते. थोड्या वेळाने ते नवऱ्याला म्हणाले, “उद्या तिले अकोल्याले जाचंच हाये. येतानी मले गावच्या फाट्यावर उतरून द्याले सांग.” पुन्हा नवऱ्यामार्फत. मी स्वयंपाकघरात उभी राहून रडले. क्यूसाठी नाही.

सकाळी ते धोतर-टोपी घालून, पिशवी घेऊन तयार होते. तेलकट क्यू मी सवयीने मागच्या सीटवर टाकला. नवऱ्याला रविवारचीच ड्यूटी होती. त्याने वडिलांना दोनदा थांबवून पाहिलं आणि शेवटी माझ्याकडे बघून मान खाली घातली. मी गाडीत दोनदा “बाबा, माझं चुकलं” म्हणायला तोंड उघडलं आणि दोन्ही वेळा पुढे ट्रक आला. खरं म्हणजे ट्रक नसता तरी मी बोलले असते की नाही, सांगता येत नाही. माफी मागायची मला सवय नाही.

अकोल्याच्या क्लबात मी त्यांना भिंतीजवळच्या खुर्चीवर बसवलं, पर्स आणि गाडीची किल्ली त्यांच्याजवळ दिली आणि क्लबच्या स्टिका लावलेल्या कठड्यापाशी गेले. हाताला येईल ती घेतली. पाठीमागून आवाज आला.

“थे नको. ठेव.”

ते उठून आले होते. पंधरा-सोळा स्टिका होत्या. आजूबाजूला टाय लावलेले अधिकारी, कुणी हसू दाबत होतं. ते एकेक स्टिक डोळ्याला लावून बघत गेले. आठवी की नववी घेऊन त्यांनी फरशीवर आपटली, कान दिला आणि माझ्या हातात ठेवली. “बाकी साऱ्या वाकड्या हायेत,” ते म्हणाले आणि जाऊन बसले. मी लोळवून पाहिली. स्टिक सरळ होती.

पहिल्या दोन मॅच मी जिंकले. तिसरी गेल्या वर्षीच्या त्याच साहेबांशी आली. पाचपैकी तीन गेम जिंकेल तो पुढे, असं होतं. पहिला त्यांचा, पुढचे दोन माझे, चौथा त्यांचा. मधल्या वेळात मी भिंतीकडे पाहिलं तर खुर्ची रिकामी होती. मी हॉलभर नजर फिरवली. मग ते दिसले. टेबलांची देखभाल करायला जठारपेठेतले कारागीर आले होते. सासऱ्यांनी गाडीतून माझा तेलकट क्यू आणून त्यांच्यापुढे ठेवला होता, आणि दोघं एका बाकावर त्याच्यावर वाकून काहीतरी बोलत होते.

पाचव्या गेममध्ये टेबलावर फक्त काळा बॉल उरला, तो घालेल त्याची मॅच. मधल्या पॉकेटासमोर, हातभर अंतरावर. ऑफिसात मी तसा बॉल गप्पा मारता मारता घालते. मारला. तो पॉकेटाच्या कडेला लागून थरथरला आणि बाहेर आला. साहेबांनी शांतपणे आत घातला आणि हात पुढे केला. मी हात मिळवला, हसले, पाणी प्यायले. मग आम्ही निघालो.

बोरगाव मंजू मागे पडलं.

“काठी बरोबर होती,” मग ते म्हणाले. “तूच चुकली.”

“माहीत आहे, बाबा.”

“काई मालूम नाही तुले. मारतानी तू डावी टाच उचलते. टाच उचलली का खांदा हालते. खांदा हालला तं काठी काय करन? घरीबी तसंच करते, टेबलावर. दोन महिने झाले पाहून राहिलो.”

“मग सांगायचं नाही का?”

“इचारलं काय तू?”

मी काही म्हणणार, तोवर त्यांनी पुढचं काढलं. तुले लय घाई हाये. गाडीबी तशीच चालोते, ब्रेक उशिरा मारते. सकाळी गॅसवर दूध ठेवून फोनवर बोलते. वरनात हिंग लय टाकते, त्यानं मले ढेकरं येते. पोळ्या जाड असते. थे गादी एवढी मऊ हाये का पाठीचं पार भुस्कट झालं. अकरा महिन्यांचं सगळं त्यांच्याजवळ जमा होतं आणि त्यातलं एकही ते विसरले नव्हते. मीही ऐकून घेतलं नाही. हिंगाशिवाय वरण कसलं, असं मी म्हणाले. पोळ्या जाड वाटत असतील तर लाटायला बसा, असंही मी म्हणाले. ते म्हणाले, बसतो, त्यात काय. मला राग येत होता आणि आतून इतकं बरं वाटत होतं की मी दोनदा चुकीचा गिअर टाकला. तेही त्यांनी सांगितलं.

मूर्तिजापूरच्या अलीकडे त्यांच्या गावाचा फाटा लागतो. तो लांबून दिसला. मी डावीकडचा इंडिकेटर दिला, वेग कमी केला. थांबा, असं तोंडाने म्हणायचं होतं. म्हणता येईना.

“इकडे काहून घेते?” ते म्हणाले.

“फाटा आला, बाबा.”

त्यांनी फाट्याकडे पाहिलं, मग समोर रस्त्याकडे. “थो कारागीर म्हने, तेल निघते. रोज स्पिरिटनं पुसा लागते, मंग पावडर लावून ठेवा लागते, मंग बारीक कागदानं घासा लागते. पंधरा दिस लागन म्हने. नवं चामडंबी बसवा लागन. तू दिवसभर हापिसात. कोन करन थे?”

मी इंडिकेटर बंद केला आणि गाडी सरळ घेतली. ते पुन्हा माझ्या टाचेवर आले, आणि बडनेरा येईपर्यंत टाचेवरच बोलत राहिले.